‘नाहीतरी’ : गोव्यातील वैद्यकीय आणि परिचर्या अध्यापकांस खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी माशेलची, निवृत्त परिचारिका. चौतीस वर्षांच्या नोकरीतला बहुतेक काळ स्त्रीरोग विभागात आणि त्याच्या थिएटरमध्ये गेला. आज तुमच्यात जे प्राध्यापक आहेत त्यांतल्या काहींना, ते इंटर्न असताना, निर्जंतुक हातमोजे कसे चढवायचे ते मी दाखवलं आहे. तुमच्याकडून तर कितीतरी शिकले आहे. म्हणून हे पत्र हक्काने लिहिते.

निमित्त एका खोक्याचं झालं. माझ्या भाचीला गेल्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश मिळाला. ती माझ्याकडेच राहते. पहिल्याच आठवड्यात ती सीनियरकडून बोन सेट घेऊन आली. मिक्सरच्या जुन्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली माणसाची हाडं. मांडीच्या हाडावर स्नायू जिथून निघतो तिथे लाल रंग, जिथे जाऊन चिकटतो तिथे निळा. कवटीचा वरचा भाग करवतीने कापून पितळी हुकांनी परत बसवलेला. हाडं हाताळून हाताळून गुळगुळीत आणि पिवळसर झालेली, म्हणजे ती बऱ्याच जणांच्या अभ्यासाला आलेली. माझी आई सोप्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली आणि विचारलं, "हीं कोणाचीं गो हाडां?"

"आजी, तो बोन सेट."

"सेट कळलो गो. पूण कोणाचो?"

भाचीकडे उत्तर नव्हतं. तिने सीनियरला फोन लावला. त्याने सेट त्याच्या सीनियरकडून घेतला होता, त्याने आणखी कुणाकडून. ओटीपोटाचं हाड पाहून ती एवढं सांगू शकली की ही बाई होती. पेल्व्हिस रुंद आहे, खालचा कोन मोठा आहे. पुढचं काहीच नाही.

भाचीला मी तेव्हा एक गोष्ट सांगितली. आपला देश एकेकाळी जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना मानवी सांगाडे विकायचा. निर्यातीवर बंदी आली ती 1985 साली. ती हाडं कुणाची होती, कुणी कुणाला विचारून घेतली होती, याची नोंद त्या व्यापाराने ठेवली नाही. देशातल्या देशात जुने सेट मात्र हातोहात फिरत राहिले. आमच्या घरातला हा त्यांपैकीच एक असावा.

रात्री तिने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. त्यांच्या ग्रुपवर कुणीतरी एका जुन्या शरीररचनेच्या अ‍ॅटलासची पीडीएफ टाकली होती. मानेतल्या नसा, रक्तवाहिन्या, एकेक पदर उलगडत नेलेला. मी इतकी वर्षं उघडी पोटं पाहिली आहेत, पण इतकं स्वच्छ चित्र कधी पाहिलं नव्हतं. लेखकाचं नाव वाचलं आणि माझा हात थांबला. एडुआर्ड पेर्नकॉफ.

तुम्हाला हे नाव माहीत असेल. व्हिएन्नातला शरीररचनाशास्त्रज्ञ. 1933 मध्ये नाझी पक्षात गेला, 1938 मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळल्यावर वैद्यकीय शाखेचा डीन झाला, पुढे विद्यापीठाचा रेक्टर. अ‍ॅटलासचा पहिला भाग 1937 मध्ये आला. चित्रकारांपैकी एरिख लेपियर सहीत स्वस्तिक काढायचा, कार्ल एन्ड्ट्रेसर आपल्या आडनावातली दोन ‘एस’ अक्षरं एसएस दलाच्या खुणेसारखी लिहायचा (एसएस म्हणजे नाझींचं निमलष्करी दल). पुढच्या आवृत्त्यांतून या खुणा पुसून टाकण्यात आल्या. चित्रं राहिली. 1990च्या दशकात काही डॉक्टरांनी हा विषय लावून धरला, तेव्हा व्हिएन्ना विद्यापीठाने चौकशी केली. 1998मध्ये निष्कर्ष आला की नाझी काळात मृत्युदंड दिलेल्या किमान 1,377 माणसांचे देह त्या शरीररचना विभागात आणले गेले होते. त्यांतल्या कित्येकांचा गुन्हा म्हणजे राजवटीला विरोध. तोवर प्रकाशकाने छपाई थांबवली होती.

हे मी भाचीला सांगितलं. ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण मावशी, चित्रं तर काढून झालीयत. नाहीतरी ती माणसं गेलेलीच आहेत."

‘नाहीतरी’. या शब्दासाठीच हे पत्र लिहायला बसले आहे. त्या रात्री तो माझ्या कानात अडकला आणि मग जिथे वाचावं तिथे दिसू लागला.

व्हिएन्नात तेव्हा हाच शब्द होता : नाहीतरी यांना मृत्युदंड झालेलाच आहे, देह वाया का घालवायचा? अमेरिकेतल्या टस्कीगीत सिफिलिस झालेल्या 399 काळ्या पुरुषांना 1932 ते 1972, चाळीस वर्षं, नुसतं ‘बघत’ ठेवलं. त्यावरचं औषध, पेनिसिलिन, 1947पर्यंत सर्रास वापरात आलं तरी दिलं नाही. तिथेही हाच : नाहीतरी या गरिबांना कोण उपचार देणार होतं? न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर विलोब्रुक नावाची मतिमंद मुलांची संस्था होती. तिथे 1950च्या दशकापासून डॉ. सॉल क्रुगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना मुद्दाम काविळीचा विषाणू दिला. सुरुवातीला तो रुग्णांच्या विष्ठेतून काढलेल्या अर्कातून पाजला गेला. त्यांचं समर्थन ठरलेलं होतं : संस्थेत इतकी गर्दी आणि इतकी घाण आहे की मुलांना नाहीतरी कावीळ होणारच. घाण साफ करता आली असती, हे त्या वाक्यात कुठे येत नाही.

अध्यापकहो, विलोब्रुकची गोष्ट माझ्या दंडात आहे. काविळीचे दोन वेगळे प्रकार, आज आपण ज्यांना ‘ए’ आणि ‘बी’ म्हणतो, ते त्या मुलांवरच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. ‘बी’चा विषाणू असलेलं रक्तद्रव उकळून दिलं तर संरक्षण मिळतं, हेही क्रुगमन यांनी तिथेच दाखवलं. हिपॅटायटिस बीच्या लशीकडे जाणारी एक वाट तिथून निघते. त्या लशीचे तीन डोस मी घेतले आहेत, तुम्हीही घेतले आहेत. सुई टोचल्याचे प्रसंग माझ्या नोकरीत तीन-चारदा तरी आले. प्रत्येक वेळी घरी जाऊन मी झोपू शकले ती त्या लशीच्या भरवशावर.

मग काय, लस घ्यायची नव्हती? मी यावर बरेच महिने विचार केला आहे आणि माझं उत्तर स्पष्ट आहे. लस घ्यायची. अ‍ॅटलास उघडून एखाद्याचा हात वाचत असेल तर उघडायचं. मी नकार दिल्याने त्या मुलांचं एका दिवसाचंही बालपण परत येत नाही, आणि माझ्या वॉर्डातल्या बाळंतिणीचा मात्र जीव जाऊ शकतो. ज्ञान टाकून द्या असं सांगायला हे पत्र नाही.

पण जे ज्ञान टाकून देण्याच्याच लायकीचं आहे त्याचा एक उल्लेख करते, कारण ‘नाझींनी केलं ते क्रूर होतं पण शास्त्र म्हणून पक्कं होतं’ असं मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आहे. डाखाऊच्या छळछावणीत 1942-43 मध्ये झिगमुंड राशरने कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवलं. सुमारे 280 ते 300 माणसं, त्यांतली 80 ते 90 मेली. थंडीने गारठलेल्या माणसाला परत ऊब कशी द्यावी यासाठी ही माहिती पुढे अनेकांनी संदर्भ म्हणून वापरली. 1990 मध्ये रॉबर्ट बर्गर यांनी ती माहिती शास्त्रीय कसोटीवर तपासली, तेव्हा विसंगती, अर्धवट नोंदी आणि चक्क खोटेपणा सापडला. ज्याला समोरचा माणूस माणूस दिसत नाही, तो थर्मामीटर तरी प्रामाणिकपणे कशाला वाचेल? असं ज्ञान वापरू की नको हा प्रश्नच येत नाही.

अवघड प्रश्न येतो तो जिथे ज्ञान खरं निघालं तिथे. तिथे मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि त्यासाठी माझ्या हातातली वस्तू पुढे करते.

सिम्स. नुसतं एवढंच म्हणायचं. "सिस्टर, सिम्स." मी ते ट्रॉलीवरून उचलून हातात ठेवलं ते किती हजार वेळा, मोजता येणार नाही. योनी उघडी धरून आत तपासायचं हत्यार : दोन्ही टोकांना पन्हाळीसारखी वळलेली पाती, मधे दांडा, स्टीलची थंडगार वस्तू. थंडीच्या दिवसांत मी ते बाईला लागण्याआधी कोमट पाण्यात धरायची. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी एनिमा द्यायला शिकलो तेव्हाही, बाईला डाव्या कुशीवर वळवून वरचा गुडघा पोटाकडे घ्यायचा, ती सिम्स पोझिशन. प्रोसिजर बुकात चित्र काढून खाली नाव लिहिलं होतं. सिम्स कोण, हे कुणी सांगितलं नाही. मीही कधी कुणाला विचारलं नाही. निवृत्त झाल्यावर, आईच्या त्या ‘कोणाचीं’ या प्रश्नानंतर, वाचलं.

जेम्स मॅरियन सिम्स, अमेरिकेतल्या अलाबामातल्या माँटगोमेरी गावचा डॉक्टर. बाळंतपण दिवसेंदिवस अडलं की बाळाच्या डोक्याच्या दाबाने मूत्राशय आणि योनीमधला पडदा मरतो, छिद्र पडतं आणि बाईची लघवी आयुष्यभर गळत राहते. आपल्याकडेही अशा बायका होत्या. माझ्या उमेदवारीच्या काळात एक आली होती. घरच्यांनी तिला गोठ्याशेजारच्या खोपीत ठेवलं होतं, वासामुळे. ती वॉर्डात शिरतानाच सगळ्यांची माफी मागत होती. त्या दुखण्यावर जगात पहिल्यांदा खात्रीची शस्त्रक्रिया बसवली ती सिम्सने. हे त्याचं काम मोठं आहे आणि ते मी नाकारत नाही.

ती बसवली कशी? 1845 ते 1849 या काळात, घरामागच्या छोट्याशा दवाखान्यात, गुलाम बायकांवर. साधारण डझनभर असाव्यात. नावं फक्त तिघींची उरली आहेत, तीही सिम्सने स्वतः लिहून ठेवली म्हणून : लुसी, बेट्सी, अनार्का. भूल दिली नाही. इथरने भूल देण्याचा जाहीर प्रयोग 1846 च्या ऑक्टोबरात झाला होता, त्यानंतरही दिली नाही. लुसीची शस्त्रक्रिया तासभर चालली. लघवी वाहून जावी म्हणून मूत्रमार्गात ठेवलेल्या स्पंजामुळे तिच्या अंगात विष भिनलं आणि ती मरता मरता वाचली. तिच्या वेदना पराकोटीच्या होत्या, हे सिम्सनेच लिहिलं आहे. अनार्का सतरा-अठरा वर्षांची. तिच्यावर तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. तिसावी यशस्वी झाली, चांदीच्या तारेच्या टाक्यांनी.

त्यांना बरं व्हायचं होतं, असं काही अभ्यासक म्हणतात. असेलही. कुणाला नको असतं? पण ‘हो’ मालकाने म्हटलं होतं.

आता जे सांगते ते वाचताना मी खुर्चीतून उठून अंगणात गेले होते. एकामागून एक अपयश आलं तसे सिम्सचे मदतनीस डॉक्टर त्याला सोडून गेले. मग त्याने या बायकांनाच मदतनीस म्हणून तयार केलं. एकीवर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्या तिला धरून ठेवायच्या, हत्यारं हातात द्यायच्या. म्हणजे सिम्सच्या हातात सिम्स देणारी पहिली बाई लुसी असेल, नाहीतर बेट्सी, नाहीतर अनार्का. माझं काम. माझ्या आधी ते त्यांनी केलं, उद्या त्या टेबलावर आपणच असू हे ठाऊक असताना. मी त्यांच्या जागेवर कितीतरी वर्षं उभी होते आणि मला त्यांची नावं माहीत नव्हती.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्सचा पुतळा एप्रिल 2018 मध्ये हलवला. माँटगोमेरीत 2021 मध्ये त्या तिघींचं स्मारक उभं राहिलं. काही नावं बदलण्याची चळवळही वैद्यकशास्त्रात झाली आहे. रायटर्स सिंड्रोम या सांधेदुखीच्या आजाराला आता रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणतात, फुफ्फुसांतल्या क्लारा सेल्स या पेशींना क्लब सेल्स, कारण हान्स रायटर आणि माक्स क्लारा यांचे नाझी काळातले हात स्वच्छ नव्हते. हे बरंच झालं. पण एक भीती सांगते. नुसतं नाव पुसलं की नव्या विद्यार्थ्याला तेही कळत नाही की इथे काही घडलं होतं. पेर्नकॉफच्या चित्रांतलं स्वस्तिक पुसलं तेव्हाही असंच झालं होतं. पुसायचं असेल तर डॉक्टरचं नाव खुशाल पुसा, पण त्या जागी बायकांची नावं लिहा.

हे सगळं परदेशातलं आहे, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. म्हणून जवळचं एक उदाहरण घेते. ते घेताना आधीच सांगते की व्हिएन्नाशी याची तुलना मी करत नाही. इथल्या डॉक्टरांनी हजारो गरीब बायकांना मोफत तपासणी आणि उपचार दिले आणि त्यांचा हेतू कर्करोग रोखण्याचाच होता.

उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, 1999 पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक मोठा अभ्यास झाला. 30 ते 59 वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त ग्रामीण बायका, गावांचे 52 गट. काही गटांत एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची चाचणी, काहींत पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं, काहींत अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटाला तपासणी नव्हती. त्यांना माहिती दिली आणि हवी असेल तर तपासणी कुठे होते ते सांगितलं. निकाल 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 34 बायका गेल्या, तपासणी नसलेल्या गटात 64. आज जगभर एचपीव्ही चाचणीला जे पहिलं स्थान मिळालं आहे, त्यामागच्या भक्कम पुराव्यांत हा एक आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणि तमिळनाडूच्या दिंडीगलमध्येही असेच अभ्यास झाले. तिन्ही अभ्यासांतल्या तपासणी न मिळालेल्या गटांत मिळून 254 बायका या कर्करोगाने गेल्या, आणि यावर पुढे भारतीय वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात कडक टीका झाली. पॅप स्मिअरने मृत्यू टळतात हे जगाला कित्येक दशकं माहीत असताना एक गट कोरा कशाला ठेवला?

संशोधकांचं उत्तर : भारतात नाहीतरी कुणाचीच तपासणी होत नव्हती.

हे उत्तर खोटं नाही, म्हणूनच ते इतकं जड जातं. सरकारने तपासणी दिली नव्हती हे खरंच आहे. पण आपल्या गरिबीचा, आपल्या सरकारी उदासीनतेचा, एकदा मोजपट्टी म्हणून वापर सुरू झाला की जिथे काहीच मिळत नाही तिथली बाई अभ्यासाला सगळ्यांत ‘सोयीची’ ठरते. न्यूयॉर्कच्या बाईला त्या चौथ्या गटात कुणी घातलं नसतं.

तुम्ही विद्यार्थ्यांना एचपीव्ही चाचणीचं महत्त्व शिकवता तेव्हा तो निकाल सांगताच. सांगायलाच हवा. एक वाक्य जास्त सांगा. त्या चौथ्या गटातल्या 64 बायका मराठी बोलत होत्या. कपाशी वेचायला, तूर कापायला जात असतील. त्यांच्या मरणाचा आकडा त्या वजाबाकीत एका बाजूला आहे म्हणून आपल्या फोंड्याची, डिचोलीची, काणकोणची बाई आज वेळेत तपासून घेऊ शकते.

आता माझं.

साधारण 1990च्या आसपास मी एका रुग्णालयात होते. नाव लिहीत नाही, गरज नाही. एका डॉक्टरांचा बाळंतिणींच्या रक्तावर अभ्यास चालला होता. नेहमीच्या तपासणीसोबत एक जादा नळी रक्त घ्यायचं आणि संमतिपत्रावर सही. संमतिपत्र इंग्रजीत, दीड पान. अंगठे घ्यायचं काम माझ्याकडे. सत्तरी तालुक्यातली एक बाई, तिसरं बाळंतपण, दोन दिवसांची ओली बाळंतीण. मी तिचा डावा हात घेतला, अंगठा स्टॅम्प पॅडवर दाबला. तिने विचारलं, "बाय, हें कित्याक?" मी म्हटलं, "रगत तपासपाक." तिने मान हलवली आणि अंगठा सैल सोडला. मी तो कागदावर टेकवला. मग ती बराच वेळ तो अंगठा लुगड्याच्या पदराला पुसत होती, शाई जाईना.

तिला काही झालं नाही. एक नळी रक्त, तेवढंच. पण ‘हे तुझ्यासाठी नाही, अभ्यासासाठी आहे, नको म्हणालीस तरी तुझ्या औषधपाण्यात फरक पडणार नाही’, ही तीन वाक्यं कोंकणीत सांगायला मला एक मिनिट लागलं असतं. मी सांगितली नाहीत. कारण मनात म्हटलं होतं, नाहीतरी हिला काय कळणार आहे. त्या दिवशी मी असे अकरा अंगठे घेतले.

त्यामुळे राशर, पेर्नकॉफ, सिम्स यांच्याबद्दल लिहिताना मी कुठल्या उंच जागेवरून बोलत नाही. तो शब्द माझ्याही तोंडात होता, आणि तो मला कुणी शिकवला नव्हता. तो वॉर्डाच्या हवेतच असतो. नवखी मुलं तो औषधांच्या नावांबरोबर उचलतात. म्हणून तुम्हाला लिहिते, कारण त्या हवेत पहिल्या दिवशी जे बोललं जातं ते तुमच्या तोंडून.

2017 मध्ये जोसेफ पोलाक नावाच्या ज्यू धर्मगुरूंनी पेर्नकॉफच्या अ‍ॅटलासबद्दल एक निर्णय लिहिला. ते स्वतः तान्हेपणी छळछावणीतून वाचलेले. ही चित्रं वापरावीत का, हा प्रश्न अमेरिकेतल्या सुसान मॅकिनन या नसांच्या शल्यविशारदांपुढे होता. अवघड शस्त्रक्रियांत त्या चित्रांचा आधार घेत होत्या आणि त्याचं ओझंही बाळगत होत्या. निर्णयाचा मथितार्थ असा की जीव वाचवायला, वेदना कमी करायला चित्रं वापरता येतील. पण ही चित्रं नेमकी काय आहेत हे सगळ्यांना कळलं पाहिजे, तेव्हाच त्या मृतांना हिरावून घेतलेल्या प्रतिष्ठेचा थोडा तरी अंश मिळेल.

मला हे पटतं. सांगून वापरणं आणि गप्प राहून वापरणं यांत फरक आहे. गप्प राहून वापरलं की आपणही ‘नाहीतरी’ म्हणतो, फक्त कितीतरी वर्षांनी उशिरा. आणि आपल्या मातीत याचा दाखलाही आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या औषधींवरच्या ग्रंथात मालुपा नावाच्या इथल्या वैद्याला नावानिशी बोलतं केलं. कुणाकडून शिकलो ते दडवलं नाही. पुढे 1580 मध्ये धर्मन्यायालयाने त्या ऑर्ताचीच हाडं थडग्यातून उकरून जाळली. पणजीच्या मध्यावर त्याच्या नावाची बाग आहे, आपण सगळे तिथे बसलो आहोत. 1842 पासून ज्या भूमीत पाश्चात्त्य वैद्यक शिकवलं जातंय, तिथल्या अध्यापकांना मालुपाचं नाव घेणं कठीण वाटू नये, आणि अनार्काचंही.

मागणं फार नाही. विद्यार्थिनीच्या हातात पहिल्यांदा सिम्स द्याल तेव्हा तीन नावं सांगा. अर्धं मिनिट लागेल. कुणाच्या मोबाइलवर पेर्नकॉफ दिसला तर डिलीट करायला लावू नका, ओरडू नका. तो कुणाच्या देहांवरून काढला ते सांगा आणि मग ठरवू दे त्याला. संशोधनाच्या प्रस्तावात ‘नाहीतरी’ कुठे लपला आहे ते शोधायला शिकवा. तो कधी ‘स्थानिक उपचारपद्धतीनुसार’ अशा सभ्य वेशात येतो. संमतिपत्र कोंकणीत, मराठीत आणि वॉर्डात आज ज्या भाषा ऐकू येतात त्या सगळ्यांत करा, पण कागदावर विसंबू नका, तोंडाने सांगा. आता नियम पुष्कळ आले आहेत, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, 2019 चे औषधचाचणीचे नियम आहेत, नीतिसमित्या आहेत. तरी अंगठा दाबणारा हात शेवटी एखाद्या नर्सचाच असतो.

आणि डिसेक्शन हॉलबद्दल एक. नव्या अभ्यासक्रमात शवाला ‘पहिला गुरू’ म्हणायला शिकवतात, शपथही घेतात. देहदान केलेल्या माणसासाठी तो शब्द शोभतो, त्याने स्वतःहून दिलं. पण जो ‘बेवारस’ म्हणून टेबलावर आला त्याला गुरू म्हणून आपण जरा लवकर मोकळे होतो. मी वॉर्डात पाहिलेले बेवारस म्हणजे बहुतेक पोटासाठी गोव्यात आलेले मजूर, ज्यांचं गाव आम्हाला शोधता आलं नाही किंवा कुणी नेटाने शोधलं नाही. विद्यार्थ्यांना हे सांगा की याने काही दिलेलं नाही, आपण घेतलं आहे. मग त्यांना शपथ घेऊ द्या. आणि देहदानाचे अर्ज वाढावेत म्हणून तुमच्यापैकी जे गावोगाव बोलतात, त्यांना माशेलला बोलवायची जबाबदारी माझी. मी माझा अर्ज भरला आहे.

आमच्या घरातलं खोकं पुढच्या वर्षी एखाद्या ज्युनियरकडे जाईल. आईच्या सांगण्यावरून भाचीने ते मिक्सरचं खोकं टाकून सागाची एक छोटी पेटी करून घेतली आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला तिने एक कागद चिकटवलाय. त्यावर तिने लिहिलंय : ‘ही एक बाई होती. उंची अंदाजे पाच फूट. वय चाळिशीच्या आतलं असावं. नाव, गाव माहीत नाही. हिला कुणी विचारलं नव्हतं.’ खाली रकाना आखून पहिल्या ओळीत तिने आपलं नाव आणि वर्ष टाकलंय. पुढच्या ओळी मोकळ्या आहेत, ज्यांच्याकडे पेटी जाईल त्यांच्यासाठी.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
माशेल, फोंडा